निव्वळ वजन

सेलूच्या जिनिंगमध्ये भुईकाट्यावर बसतो मी.
भरलेला ट्रॅक्टर एकदा, रिकामा एकदा,
पहिल्यातून दुसरा वजा.
उरला तो कापूस.
एकवीस वर्षं हेच गणित.

परवा, पावतीबुकाला टेकवलेल्या मोबाईलमध्ये
ते जिंकले.
आपल्या मैदानावर, आपल्या उन्हात,
पाचव्या दिवशी चहानंतर.
मालिका दोन-एक.
मी मोबाईल पालथा घातला.
बाहेर सतरा ट्रॉल्या हॉर्न वाजवायल्या,
"काटेवाले, झोपलाव का?"
एकीचं वजन मी दोनदा लिहिलं,
एकीचं लिहिलंच नाही.

रात्री मुनीरच्या हॉटेलात पंचनामा.
टॉस त्यांनी जिंकला म्हणून.
खेळपट्टी आपल्याच माणसानं बिघडवली म्हणून.
दासू कंपाउंडर तर म्हणाला, चेंडूच बदललाय,
मी डोळ्यानं पाहिलंय.
आणि चौथ्या कसोटीतला तो झेल,
जमिनीला लागलेला,
लागलेलाच, म्हणजे लागलाच!
हे मी बोललो.
सगळ्यात मोठ्यानं मीच बोललो.
मुनीर ग्लास विसळत होता.
मान वर न करता म्हणाला,
"क्या भी बोलो,
वो चश्मेवाला हिल्या नहीं."

कुणी काही बोललं नाही.
दासूनं पैसे दिले, तेही माझे धरून.

चश्मेवाला म्हणजे त्यांचा अकरा नंबरचा.
त्याचं नाव मला अजून नीट घेता येत नाही.
दुसऱ्या कसोटीत बोट मोडलेलं,
तरी अडीच तास उभा राहिला,
आणि हातातली मॅच आपल्या हातातच सुकली.
घरी आल्यावर, सगळे झोपल्यावर,
आवाज बंद करून ते मी पुन्हा पाहिलं.
प्रत्येक चेंडूनंतर तो हात झटकायचा,
गाठीची लोखंडी पट्टी लागल्यावर
आमचा हमाल झटकतो तसा,
आणि परत उभा.
एकशे चौदा चेंडू. धावा नऊ.
नऊ!
आपल्या कुणी केल्या असत्या
तर मी पोराचं नाव ठेवलं असतं.

मग तो झेल लावला.
हळू करून, थांबवून, अंगठ्यानं मागेपुढे.
खरं सांगू? कळत नाही.
मला दिसलं ते वेगळंच:
शाळेचं मैदान, समोर मानवतची पोरं,
यष्टीमागे मी, आणि टप्पा पडून हातात आलेला चेंडू.
मी ओरडलो.
अंपायर आमचेच पीटीचे सर, त्यांनी बोट वर केलं.
तो पोरगा माझ्याकडं एकदा बघून
बॅट काखेत मारून चालता झाला.
आम्ही जिंकलो. स्टेशनसमोर भत्ता खाल्ला.
तीस वर्षांत ती मॅच
मी कुणालाच रंगवून सांगितलेली नाही.

तर अंधारात बसल्या बसल्या
मी त्यांचा ट्रॅक्टर काट्यावर घेतला.
टॉस वजा.
खेळपट्टी वजा.
आपला सलामीचा गडी लंगडत गेला, तेही वजा.
झेल... असू द्या, तोही वजा.
वरून ओलावा म्हणून दोन टक्के कापले,
व्यापारी कापतो तसे, काही न सांगता.
तरी आकडा उरलाच.
चांगला भरघोस उरला.

म्हणून काही मी खूश नाही.
चषक घेऊन ते नाचले तेव्हा
चॅनल बदललंच मी,
त्या चश्मेवाल्याला खांद्यावर घेतलं
तेवढं मात्र चुकून दिसलं.
पुढच्या साली आपण त्यांच्याकडं जायलोय,
तेव्हा बघू. बघूच.

सकाळी पहिली ट्रॉली वालूरची.
ड्रायव्हर खिडकीशी आला, तोंडात दातवण.
"काय झालं हो मॅचचं?"
"हरलो."
"काहून?"
मी पावती फाडली, शिक्का मारला.
"ते चांगलं खेळले."
त्यानं माझ्याकडं पाहिलं,
मग पावतीकडं,
मग पुन्हा एकदा आकडे वाचत म्हणाला,
"वजन तर बरोबर हाय ना, साहेब?"